नेटवर्कची लेटन्सी आणि पॅकेट लॉस प्रोमिथियसने मोजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडचे कारखाने, सिन्नर आणि गोंद्याची युनिट्स, कॉलेज रोड-गंगापूर रोडवरची छोटी आयटी ऑफिसेस, पिंपळगाव-लासलगावचे व्यापारी आणि कोल्ड स्टोरेजवाले: यांच्याकडे नेटवर्क सांभाळणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. लेटन्सी म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, आणि पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवणारी पॅकेट. उत्तरं प्रोमिथियस (ठरावीक अंतराने आकडे गोळा करून साठवणारं टूल), त्याचे प्रोबर (पिंग पाठवून तपासणारे छोटे प्रोग्राम) आणि ग्राफाना (आलेख दाखवणारं टूल) धरून दिली आहेत. तुमच्याकडे दुसरं टूल असलं तरी मोजण्याची रीत हीच राहते.

स्पीड टेस्ट पूर्ण १०० एमबीपीएस दाखवते, तरी व्हिडिओ कॉल अडकतो आणि ईआरपी लटकतो. असं कसं?

स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंद चालते, एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडते आणि बहुधा प्रोव्हायडरच्या जवळच्याच सर्व्हरशी बोलते. एका कनेक्शनमधलं पॅकेट हरवलं तर बाकीची कनेक्शन ती जागा भरून काढतात, त्यामुळे आकडा छान येतो. ईआरपीचं कनेक्शन मात्र एकच असतं. त्यातलं एक पॅकेट गेलं की ते परत येईपर्यंत पडदा थांबतो.

लॉस आणि लेटन्सी मिळून किती नुकसान करतात याचा अंदाज १९९७ मध्ये मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्रातून येतो. एका टीसीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारी नेटवरची नेहमीची पद्धत) कनेक्शनचा वेग लेटन्सीच्या व्यस्त प्रमाणात आणि लॉसच्या वर्गमुळाच्याही व्यस्त प्रमाणात असतो. १४६० बाइटचं पॅकेट आणि १ टक्का लॉस धरा. सर्व्हर मुंबईत, ६ मिलिसेकंदांवर असेल तर एका कनेक्शनला साधारण २४ एमबीपीएस मिळतात. तोच सर्व्हर सिंगापूरला, ६० मिलिसेकंदांवर असेल तर जेमतेम २.४. लाइन तीच, लॉस तोच. हा हिशेब जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा आहे. आताच्या काही पद्धती लॉस जास्त सोसतात, पण १ टक्का हा 'किरकोळ' लॉस नाही हे या दोन आकड्यांवरून ध्यानात यावं.

नाशिकहून मुंबईला किती लेटन्सी असायला हवी?

आधी प्रकाशाचा हिशेब करा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. नाशिक-मुंबई रस्त्याने साधारण १७० किलोमीटर आणि फायबरही बहुतेक रस्त्याच्याच कडेने जातं. त्यामुळे पावणेदोन मिलिसेकंदांच्या खाली कुणीही जाऊ शकत नाही. मधली उपकरणं धरून ४ ते ८ मिलिसेकंद मिळाले तर लाइन चांगली समजा.

मुंबईतल्या सर्व्हरला सतत ३५-४० दिसत असतील, तर बहुधा तुमचं ट्रॅफिक चेन्नई किंवा दिल्लीला वळसा घालून मुंबईत येतंय. तिथे केबल बदलून काही होत नाही, प्रोव्हायडरला रूटिंगबद्दलच विचारावं लागतं. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर आहे. म्हणजे किमान ३९, आणि समुद्री केबलच्या वळणांमुळे प्रत्यक्षात ६०च्या आसपास. युरोपातल्या सर्व्हरला १२० दिसले तर घाबरू नका, ते अंतराचं देणं आहे.

ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २००६ च्या ब्रॉडबँड नियमावलीत प्रोव्हायडरच्या केंद्रापासून निक्सीपर्यंत (देशातल्या प्रोव्हायडरांना एकमेकांशी जोडणारं केंद्र) १२० मिलिसेकंदांची आणि पॅकेट लॉसला १ टक्क्याची मर्यादा होती. देशभराच्या किमान दर्जासाठी ती आखली होती. नाशिक-मुंबईसारख्या पल्ल्याला हे माप फारच सैल आहे. तुमचं खरं माप म्हणजे तुमच्याच लाइनची चांगल्या दिवसांतली नोंद, आणि ती नोंद आजपासून ठेवायला लागलात तरच पुढे हाताशी येते.

१०० पिंग पाठवले, एकही हरवलं नाही. म्हणजे लाइन ठीक ना?

नाही. त्या १०० पिंगांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लॉस ३ टक्क्यांपेक्षा कमी आहे. गणित सोपं आहे: एकही हरवलं नाही तर ३ भागिले पिंगांची संख्या ही लॉसची वरची मर्यादा. लॉस ०.१ टक्क्याच्या खाली आहे असं म्हणायचं तर ३००० पिंग लागतात, म्हणजे सेकंदाला एक या दराने ५० मिनिटं. शिवाय लॉस दिवसभर सारखा पसरलेला नसतो, तो झटक्याने येतो. तुम्ही पिंग केलं तेव्हा लाइन शांत होती आणि साहेबांचा कॉल चालू होता तेव्हा नव्हती, एवढंच. म्हणून रात्रंदिवस मोजणारं काहीतरी लागतं.

ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर घ्यावा की स्मोकपिंग प्रोबर?

लॉससाठी स्मोकपिंग प्रोबर. यात आमच्या मनात शंका नाही.

एक्सपोर्टर म्हणजे प्रोमिथियसला आकडे पुरवणारा प्रोग्राम. ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर प्रोमिथियसने विचारलं की एकच पिंग पाठवतो आणि यश १ किंवा ० सांगतो. १५ सेकंदांनी विचारलं तर १० मिनिटांत ४० पिंग होतात. त्यातलं एक गेलं की थेट २.५ टक्के दिसतात आणि त्याहून बारीक काही दिसतच नाही. २० सेकंदांचा खंड पडला तर तो एक-दोन नमुन्यांत येऊन जातो. स्मोकपिंग प्रोबर स्वतःच्या चालीने, मूळ सेटिंगमध्ये दर सेकंदाला एक, पिंग पाठवत राहतो. पाठवलेल्यांची मोजणी आणि उत्तरांच्या वेळेचा हिस्टोग्राम (किती उत्तरं किती वेळात आली याचे कप्पे) ठेवतो. प्रोमिथियस दर १५ सेकंदांनी फक्त मोजणी उचलतो. पाच मिनिटांत ३०० पिंग होतात आणि एक गेलं की ०.३३ टक्के दिसतात.

ब्लॅकबॉक्स टाकून देऊ नका. टीसीपी कनेक्ट, वेब पेज आणि डीएनएस तपासायला तोच लागतो. टीसीपी तपासणीत एक खूण ओळखायला शिका: कनेक्टची वेळ एरवी ८ मिलिसेकंद आणि मधेच बरोबर १ सेकंदाहून किंचित जास्त आली, तर पहिलं पॅकेट हरवलं आणि १ सेकंदानंतर पुन्हा पाठवलं गेलं. तपासणी 'यशस्वी' म्हणूनच नोंदली जाते, लॉस मात्र वेळेत लपलेला असतो.

कोणकोणत्या पत्त्यांवर नजर ठेवायची?

या प्रश्नावर सगळं काही अवलंबून आहे. बरेच जण फक्त गूगलचा ८.८.८.८ लावतात. आलेख लाल झाला की त्यावरून बिघाड ऑफिसातल्या स्विचमध्ये आहे, गल्लीतल्या डब्यात आहे, कसारा घाटात आहे की परदेशात, काहीच कळत नाही. पल्ला टप्प्याटप्प्याने मोजला तर लॉस कुठून सुरू होतो ते आलेखच दाखवतो.

पहिला टप्पा तुमच्या राउटरचा आतला पत्ता. इथे लॉस शून्य आणि लेटन्सी १ मिलिसेकंदाच्या आत हवी. इथेच गळती असेल तर प्रोव्हायडरला फोन करण्यात अर्थ नाही. कारखाना मोठा असेल तर शॉपफ्लोअरच्या टोकाचा स्विच, वजनकाट्याजवळचा स्विच असे एक-दोन पत्तेही घ्या.

दुसरा टप्पा प्रोव्हायडरचा पहिला हॉप, म्हणजे वाटेतलं त्यांचं पहिलं उपकरण. ट्रेसराउट किंवा एमटीआर (वाटेतले सगळे हॉप दाखवणारी टूल्स) चालवलं की राउटरनंतर लगेच दिसतो. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही प्रोव्हायडरच्या सामाईक नॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. हरकत नाही, पत्ता तोच घ्या. या टप्प्यात ओएनयू (तुमच्याकडे फायबर जिथे संपतं तो डबा), गल्लीतलं फायबर आणि प्रोव्हायडरचं स्थानिक केंद्र येतं.

तिसरा टप्पा प्रोव्हायडरचंच मुंबईतलं एखादं उपकरण, एमटीआरमध्ये लेटन्सी ४-५ मिलिसेकंदांनी उडी घेते त्या हॉपनंतरचं. नाशिक ते मुंबईच्या वाहिनीवरची गर्दी इथे दिसते.

चौथा टप्पा बाहेरचं जग: दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सार्वजनिक पत्ते, उदाहरणार्थ ८.८.८.८ आणि १.१.१.१. एकावरच विसंबू नका. हे पत्ते जगात अनेक ठिकाणांहून दिले जातात. रूट बदलला की तोच पत्ता मुंबईऐवजी दुसऱ्या शहरातून उत्तर देतो आणि आलेखात पायरी दिसते. तिथे पिंगला उत्तर देण्याचं बंधनही कुणावर नाही. सेकंदाला एक ऐवजी ५ सेकंदांना एक पिंग पुरे.

पाचवा टप्पा ज्यासाठी हे सगळं करताय तो सर्व्हर: मुंबईतला क्लाउड, पुण्यातलं हेड ऑफिस, सिन्नरचं युनिट. व्हीपीएन (दोन ऑफिसांमधला खाजगी बोगदा) असेल तर पलीकडच्या ऑफिसचा सार्वजनिक पत्ता आणि बोगद्याच्या आतला पत्ता, दोन्ही लावा. बाहेरचा स्वच्छ आणि आतला गळतोय असं दिसलं तर लाइन निर्दोष आहे. व्हीपीएन चालवणाऱ्या राउटरचा प्रोसेसर पाहा, तो १०० टक्क्यांना टेकलेला असण्याची शक्यता जास्त.

वाचण्याचा नियम असा: ज्या टप्प्यापासून पुढच्या सगळ्या टप्प्यांवर लॉस आहे, बिघाड त्या टप्प्याच्या अलीकडच्या दुव्यात. एकट्या मधल्या टप्प्यावर लॉस आणि पुढे शून्य असेल तर सोडून द्या.

एमटीआरमध्ये मधल्या एका हॉपला ६० टक्के लॉस दिसतो, शेवटी शून्य. तक्रार करू का?

करू नका. तो राउटर तुमची पॅकेट पुढे नीट पाठवतोय. स्वतः उत्तर देण्याचं काम मात्र तो मुद्दाम मर्यादित ठेवतो, कारण त्या कामाला त्याचा प्रोसेसर लागतो. प्रोव्हायडरकडचा माणूस असा पुरावा पाहिला की तुमची पुढची खरी तक्रारही बाजूला ठेवतो.

हे चालवायला कसलं मशीन लागतं? ते कुठे ठेवायचं?

चार जीबी रॅमचा जुना पीसी, मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय ४ पुरतो. पाय घेतलात तर डेटा एसडी कार्डवर ठेवू नका, सतत लिहिण्याने कार्ड लवकर मरतं. यूएसबीवर एसएसडी लावा. मशीन मुख्य स्विचला केबलनेच जोडा. वायफायवरून मोजलं तर तुम्ही वायफाय मोजताय. राउटर, ओएनयू आणि हे मशीन एकाच यूपीएसवर हवं, नाहीतर लाइट गेली की नोंदही जाते आणि नेट लाइटमुळे गेलं की लाइनमुळे हे कधीच कळत नाही. मशीनचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून वेळ घेण्याची पद्धत) जुळवलेलं असू द्या.

जागा आणि डेटा किती खातं?

१२ पत्ते आणि प्रत्येकाच्या सुमारे २५ मालिका (वेळेनुसार नोंदला जाणारा एकेक आकडा) धरल्या तर ३०० मालिका होतात. दर १५ सेकंदांना नोंद म्हणजे दिवसाला १७ लाखांच्या वर नमुने. प्रोमिथियस एका नमुन्याला १ ते २ बाइट घेतो, म्हणजे दिवसाला साडेतीन एमबी आणि वर्षाला सव्वा जीबीच्या आसपास. काहीच नाही.

पिंगचा डेटा मात्र पाहा. एक साधं पिंग ८४ बाइट. सेकंदाला एक म्हणजे एका पत्त्याला दिवसाला सव्वासात एमबी जायला आणि तेवढेच यायला. १२ पत्त्यांना मिळून रोज सुमारे १७५ एमबी. फायबरवर नगण्य, पण बॅकअपच्या सिमवर हीच यादी लावलीत तर महिन्याला पाच जीबी जातील. सिमवर दोन पत्ते आणि १० सेकंदांचं अंतर ठेवा.

बसवताना लोक नेमके कुठे अडतात?

परवानगीत. पिंग पाठवायला कच्चं सॉकेट लागतं. प्रोबर साध्या युजरने चालवला आणि त्याला 'कॅप नेट रॉ' ही परवानगी दिली नाही, तर तो सुरू होत नाही किंवा सगळे पत्ते एकाच वेळी बंद दाखवतो. हाताने पिंग जातंय आणि आलेखात सगळं शून्य, तर आधी हेच तपासा. डॉकरमध्येही हीच अडचण येते.

दुसरी चूक ब्लॅकबॉक्सच्या रीलेबलमध्ये. ते विसरलं तर प्रोमिथियस ९११५ पोर्टवरच्या एक्सपोर्टरला विचारण्याऐवजी थेट तुमच्या राउटरलाच मेट्रिक्स मागायला जातो. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते: 'अप' हा आकडा पाहून लिंक चालू आहे असं समजणं. 'अप' १ म्हणजे एक्सपोर्टरने उत्तर दिलं, एवढंच. लक्ष्यापर्यंत पिंग पोहोचलं की नाही ते 'प्रोब सक्सेस' सांगतं.

ब्लॅकबॉक्सच्या पिंगची टाइमआउटही आवळा. प्रोमिथियसची मूळ टाइमआउट १० सेकंदांची असते, त्यामुळे ३ सेकंदांनी आलेलं उत्तरही यश ठरतं. कॉलवर बोलणाऱ्या माणसासाठी ते पॅकेट केव्हाच मेलेलं असतं. २ सेकंद ठेवा.

आणि डेटा ठेवण्याची मुदत. मूळ सेटिंग १५ दिवसांची आहे. ती ४०० दिवस करा, म्हणजे या पावसाळ्याची तुलना गेल्या पावसाळ्याशी करता येईल.

लॉस काढायचं सूत्र काय?

पाठवलेल्या पिंगांचा पाच मिनिटांतला रेट उणे उत्तरांच्या मोजणीचा रेट, भागिले पाठवलेल्यांचा रेट, गुणिले १००. दोन्ही मोजण्या तंतोतंत एकाच क्षणाच्या नसतात, म्हणून कधी उणे ०.१ असं काहीतरी येतं. 'क्लॅम्प मिन' लावून ते शून्यावर आणा. रेटची खिडकी स्क्रेपच्या (प्रोमिथियसने आकडे उचलण्याच्या) अंतराच्या किमान चौपट हवी.

ग्राफानात महिनाभराचा आलेख उघडला की एक धोका असतो. दोन ठिपक्यांमधलं अंतर तासाचं होतं आणि पाच मिनिटांचा १५ टक्के लॉस मधेच गायब होतो. लांब पल्ल्याच्या पॅनेलसाठी पाच मिनिटांच्या लॉसचा तासातला कमाल आकडा दाखवा. त्यासाठी रेकॉर्डिंग रूल (सूत्राचं उत्तर आधीच काढून साठवणारा नियम) करून ठेवला की पॅनेलही पटकन उघडतं.

आलेखातली रिकामी जागा म्हणजे शून्य लॉस नव्हे. प्रोबर बंद पडला तरी तसंच दिसतं. त्यासाठी 'ॲब्सेंट'वर (आकडेच येत नाहीत हे सांगणारं फंक्शन) वेगळा अलर्ट ठेवा.

सरासरी लेटन्सी ९ मिलिसेकंदच दिसते, मग आवाज का तुटतो?

सरासरीत झटके बुडतात. शंभरातली ९५ पॅकेट ५ मिलिसेकंदांत आणि ५ पॅकेट ९० मिलिसेकंदांत आली तरी सरासरी सव्वानऊ येते. आवाज तोडतात ती शेवटची पाच. म्हणून ५०वं, ९५वं आणि ९९वं पर्सेंटाइल एकाच पॅनेलवर लावा (९५वं म्हणजे ९५ टक्के पॅकेट ज्या वेळेच्या आत आली तो आकडा). ५०वं आणि ९५वं यांच्यातली फट म्हणजे तुमचा जिटर (लेटन्सीतला चढउतार), व्यवहारापुरतं. आवाजासाठी आयटीयूच्या (दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना) जी.११४ शिफारशीत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतं असं म्हटलंय. नाशिकहून देशातल्या देशात बोलताना ती मर्यादा गाठली जात नाही, त्रास फट वाढल्यानेच होतो.

इथे स्मोकपिंग प्रोबरचं एक सेटिंग बदलायलाच हवं. हिस्टोग्रामचे मूळ कप्पे दुपटीने वाढतात: ६.४, १२.८, २५.६ असे. तुमची लेटन्सी ७ ची १२ झाली तरी ती एकाच कप्प्यात राहते आणि पर्सेंटाइल अंदाजाने भरलं जातं. मुंबईच्या पल्ल्यासाठी १, २, ३, ४, ५, ६, ८, १०, १५, २०, ३०, ५०, १००, २००, ५०० आणि १००० मिलिसेकंद असे कप्पे द्या. आकडे सेकंदांत लिहायचे असतात, ५ मिलिसेकंद म्हणजे ०.००५.

रोज दुपारी चारनंतर लेटन्सी ६ ची ८० होते. प्रोव्हायडरकडे गर्दी?

असेलही, पण आधी स्वतःची लाइन भरलीय का ते पाहा. राउटरच्या बाहेरच्या पोर्टचं ट्रॅफिक एसएनएमपी एक्सपोर्टरने (राउटर-स्विचकडून आकडे घेणारा) घ्या आणि लेटन्सीच्या खालीच लावा. ६४ बिटांचे काउंटर निवडा. ३२ बिटांचा काउंटर १०० एमबीपीएसवर पावणेसहा मिनिटांत आणि १ जीबीपीएसवर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो आणि आलेख खोटा होतो.

दोन्ही आलेख एकत्र वर गेले तर बिघाड घरचा आहे: सीसीटीव्हीचं क्लाउडला अपलोड, संध्याकाळचा बॅकअप, कुणाचा तरी मोठा ड्रॉइंगचा फोल्डर. लाइन भरली की राउटरच्या बफरमध्ये रांग लागते आणि तुमचं पिंग त्या रांगेत उभं राहतं. राउटरवर फेअर क्यू कोडेल किंवा केक (रांग आवरणाऱ्या पद्धती) लावा आणि वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा, अपलोडची नक्की. रांग मग तुमच्या ताब्यात येते. जास्त पैशांचा प्लॅन घेण्याआधी हे करून पाहा, बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं.

तुमचं ट्रॅफिक कमी आणि तरी तिसऱ्या टप्प्यापासून लेटन्सी वाढतेय, तीही रोज त्याच वेळी, तर गर्दी प्रोव्हायडरकडे आहे.

पाऊस सुरू झाला की लॉस वाढतो. काय पाहायचं?

ओएनयूचा ऑप्टिकल पॉवर. ओएनयूच्या वेब पानावर मिळतो. जीपॉनच्या (एक फायबर अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) बी प्लस वर्गात ओएनयूला उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) चालतात. उणे १५ ते उणे २४ मध्ये असाल तर निवांत, उणे २६च्या खाली गेलात की काठावर आहात. ३ डीबी उतरले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. उन्हाळ्यात उणे २१ आणि आषाढात उणे २६ असेल तर खांबावरच्या जॉइंटच्या डब्यात पाणी शिरलंय किंवा केबल लोंबून ताणली गेलीय. इगतपुरी-घोटी पट्ट्यात तर हे दर वर्षीचं. आकडा रोज आपोआप घेता आला तर उत्तम, नाहीतर आठवड्यातून एकदा वहीत लिहा. पॅच कॉर्ड टेबलाच्या पायामागे घट्ट वाकलेली नाही ना, हेही त्याच वेळी बघा.

सिंहस्थाच्या कामांसाठी किंवा गॅस-पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खोदला की चित्र वेगळं असतं. तिथे लॉस हळूहळू वाढत नाही, एका मिनिटात १०० टक्के होतो. जोडणी झाल्यावर पॉवर आधीपेक्षा १-२ डीबीने खाली आला असेल तर जोड नीट बसलेला नाही. तंत्रज्ञ जागेवर आहे तोवरच सांगा.

लॉस पहिल्याच टप्प्यावर, शॉपफ्लोअरच्या स्विचला दिसतो. लाइन ठीक आहे.

स्विचच्या पोर्टवरचे सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या डेटाची मोजणी) पाहा. वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा जवळचा विजेचा गोंधळ. वेल्डिंग मशीन आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून साधी कॅट-६ नेली असेल तर शिफ्ट सुरू झाली की लॉस सुरू होतो. आलेखात शिफ्टच्या वेळा स्पष्ट उमटतात. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे नकोच. शेड ओलांडायची असेल तर फायबर टाका.

दुसरं कारण डुप्लेक्स न जुळणं (फुल म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी, हाफ म्हणजे आळीपाळीने). एका टोकाला १०० फुल पक्कं केलेलं आणि दुसरं ऑटोवर असेल तर ऑटोवालं हाफवर जातं. रिकाम्या लाइनवर पिंग छान जातं, काम वाढलं की गळती सुरू. जुन्या मीडिया कन्व्हर्टरांच्या जोड्यांत हे फार दिसतं. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा.

पिंग शंभर टक्के जातं, पण मोठी फाइल किंवा काही साइट उघडतच नाहीत.

एमटीयू, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडली जाणारी) लाइनवर तो १४९२ असतो. तुकडे न पाडण्याचा पर्याय लावून १४६४ बाइटचं पिंग पाठवा, ते जायला हवं. १४७२ गेलं तर एमटीयू पूर्ण १५०० आहे. १४६४ सुद्धा अडलं तर आकडा कमी करत कुठे जातंय ते शोधा, त्यात २८ मिळवा आणि तो एमटीयू राउटरवर घाला. व्हीपीएनच्या आत हा आकडा आणखी खाली येतो.

अलर्ट किती टक्क्यांवर लावायचा?

राउटरला पाच मिनिटांत ०.५ टक्का. प्रोव्हायडरच्या पहिल्या हॉपला १ टक्का, सलग १० मिनिटं. दूरच्या पत्त्यांना २ टक्के, तेही १० मिनिटं. लेटन्सीला ठोक आकडा लावू नका. गेल्या आठवड्याच्या त्याच वेळेच्या मध्यकाच्या दीडपट झाली तर कळवा, 'ऑफसेट ७ दिवस' वापरून हे एका ओळीत होतं.

अलर्टमॅनेजरमध्ये (प्रोमिथियसचे अलर्ट पाठवणारा प्रोग्राम) इनहिबिट नियम, म्हणजे एक अलर्ट वाजला की बाकीचे दाबणारा नियम, लावायला विसरू नका. राउटरच बंद पडला तर पुढच्या दहा पत्त्यांचे दहा मेसेज रात्री दोनला येऊ नयेत. असे मेसेज आठवडाभर आले की माणूस फोन म्यूट करतो आणि खरा अलर्ट त्यात जातो.

नेटच गेलं तर अलर्ट येणार कसा?

मशीनला स्वस्त सिमचा डोंगल लावून अलर्टचा मार्ग तिकडून ठेवा. किंवा उलटा उपाय करा: कायम वाजणारा एक अलर्ट बाहेरच्या सेवेकडे दर मिनिटाला जाऊ द्या. तो यायचा थांबला की बाहेरची सेवा तुम्हाला कळवते. आम्ही दोन्ही ठेवायला सांगतो, कारण डोंगलचा रिचार्ज संपलेला कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन प्रोव्हायडर घेतलेत. आता निश्चिंत?

दोन्ही लाइनींचे आलेख एकाखाली एक लावा आणि महिनाभर पाहा. एकाच मिनिटाला दोन्ही कोसळत असतील तर दोघांचं फायबर एकाच खांबावर, एकाच चरातून किंवा एकाच भाड्याच्या वाहिनीवरून घाट उतरतंय. बिलं दोन, रस्ता एक. घेतानाच विचारा की तुमचा रूट कसारामार्गे मुंबईला जातो की सिन्नर-संगमनेरमार्गे पुण्याला, आणि इमारतीत शिरताना तरी दोन वेगळ्या बाजूंनी घ्या. प्रत्येक लाइनचं पिंग त्याच लाइनमधून बाहेर पडेल असा रूट राउटरवर पक्का करावा लागतो, नाहीतर फेलओव्हर झाल्यावर दोन्ही आलेख एकाच लाइनचे होतात.

करारात ९९.५ टक्के अपटाइम लिहिलंय. लॉस त्यात मोजतात का?

बहुधा नाही. ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटं बंद चालेल. पण ५ टक्के लॉसची लाइन कराराच्या भाषेत 'चालू' असते. पुढच्या नूतनीकरणाला लॉस आणि लेटन्सीची वेगळी अट लिहून घ्या: कुठून कुठे, किती मिनिटांच्या सरासरीवर, आणि कुणाची नोंद मान्य. लीज्ड लाइनवर हे मागता येतं, घरगुती प्लॅनवर नाही.

तक्रारीला 'आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय' असं उत्तर येतं. पुढे काय?

त्यांच्या पडद्यावर तुमचं ओएनयू हिरवं असतं आणि ते तेवढंच पाहून सांगतात. टिकीटमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचे आलेख शेजारी शेजारी द्या: राउटरला शून्य, तुमच्या पहिल्या हॉपला ४ टक्के, अमुक तारखेला अमुक वेळेपासून. वेळ भारतीय प्रमाणवेळेतच लिहा. प्रोमिथियसचं स्वतःचं पान मूळ सेटिंगमध्ये यूटीसी दाखवतं. साडेपाच तासांच्या फरकाने त्यांचा माणूस भलत्याच वेळेचे लॉग पाहतो आणि 'काही नाही' म्हणतो. सोबत त्या दिवसाचा ऑप्टिकल पॉवर आणि बिघाड चालू असताना घेतलेला किमान ३०० पॅकेटांचा एमटीआर द्या.

आणि त्यांच्याकडून तुमच्या सार्वजनिक पत्त्यापर्यंतचा उलटा एमटीआर मागा. पिंगला जाण्याचा आणि येण्याचा असे दोन रस्ते असतात, ते वेगळे असू शकतात, आणि तुमच्या आलेखात लॉस दिसला तरी पॅकेट जाताना हरवलं की येताना, हे त्यावरून कळत नाही. सामाईक नॅटमागे असाल तर उलटा एमटीआर तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी एक दिवसासाठी तरी स्थिर सार्वजनिक पत्ता लावून द्यायला सांगा.